उत्तरेला, एक रात्र

सेलूत सगळ्यांना सांगून झालं होतं,
आम्ही उत्तरेला जायलोत.
शेजारच्या बोबडेबाई म्हणल्या, सिमला का हो?
मी म्हणलं, कन्नड.
त्या हसल्या. हसू द्या.
मराठवाडा संपतो तिथं, पार वरच्या अंगाला,
अजिंठ्याचे डोंगर पंगतीला बसल्यासारखे बसलेत
आणि त्यांच्या पानात जंगल वाढलंय.

माणशी अठराशे, लेकरांना अर्धे.
त्यात वाटाड्या, तंबू, दोन वेळचं जेवण
आणि कागदावर छापलेला एक शब्द : साहस.
ह्यांनी तो दोनदा वाचला,
पावतीची घडी घालून वरच्या खिशात ठेवली,
जिथं एरवी लोकांच्या लग्नाच्या तारखा असतात.

वाटाड्याचं नाव सुपडू बरडे. असेल पंचविशीचा.
पायात रबरी बूट, खांद्यावर आमच्याच पाण्याचे दोन कॅन.
चालताना बोलायचा नाही, थांबला की बोलायचा.
हा अंजन. ही सालई, सालीचा वास घेऊन बघा.
ही अस्वलाची विष्ठा, कालची, आत बोराच्या बिया.
आमचा विशू तिथंच गुडघे टेकून बसला,
पुस्तकापुढं कधी बसला नाही इतका मन लावून.
रेवाच्या चपलेचा अंगठा तुटला.
सुपडूनं कसल्याशा वाखाची दोरी वळली, बांधून दिली.
ती चप्पल अजून तशीच आहे.

खोरीच्या तोंडाशी दोर धरून उतरायचं होतं.
पंधरा-वीस फूट. मला विहीर वाटली.
सुपडूनं दोर धावड्याला बांधला
आणि ह्यांनी, न विचारता, गाठ ओढून बघितली.
एकदा. मग पुन्हा एकदा.
"कुठं शिकले, काका?"
"मंडपात," हे म्हणले,
आणि पहिले उतरले.

तीस वर्षं ह्यांनी दुसऱ्यांच्या डोक्यावर कापड धरलं.
लग्नं, बारशी, तेरव्या, पुढाऱ्यांच्या सभा.
आम्ही त्याच्याखाली कधी बसलो नाही,
आमची जागा मागं, भांड्यांच्या टेम्पोजवळ.
आमच्या स्वतःच्या लग्नात
अक्षता पडत होत्या आणि हे वर बघत होते,
एक कोपरा सैल होता म्हणून.

रात्री चौघांत एक निळा तंबू.
थंडी अशी की स्वेटरवर स्वेटर घालूनही
लेकरं मांजराच्या पिलांसारखी एकात एक शिरली.
बाहेर रातवा ओरडत होता,
कुणीतरी अंधारात दगडावर दगड मारत बसल्यासारखा.
मध्यरात्री वारा उठला, कापड फडफडलं,
तसे हे ताडकन उठून बसले, चपला शोधायला लागले.
मी हात धरला.
"राहू द्या. आपला नाही."

तंबू पडला नाही. हे झोपले नाहीत.
वरून एखादं सागाचं पान यायचं,
ताटाएवढं, वाळलेलं,
कापडावर पडून हळूहळू घसरत जायचं,
आणि हे माझ्या कानाशी म्हणायचे,
"ऐकलंस? आतून असा आवाज येतो व्हय."
मी किती वेळ जागी होते कोण जाणे.
तेवढ्यात तीन पानं पडली.

बिबट्या दिसला नाही. त्याच्या पंजाचा फोटो आहे,
विशूचं बोट मधी आलंय.

सकाळी हे सवयीनं खुंट्या उपटायला वाकले.
सुपडू धावत आला. "काका, तुम्ही पाहुणे. बसा ना."
बसले. एका दगडावर.
हातांचं काय करावं कळेना,
आधी गुडघ्यावर ठेवले, मग काखेत घातले,
शेवटी चहाचा कप दोन्हींनी धरला.
समोर सुपडू तंबू गुंडाळत होता.
"घडी उलटी घालायला पोरगं," हे मला हळूच म्हणले,
आणि उठले नाहीत.